जुना बर्फ वितळताना सपाट व्हायचं सोडून खड्ड्याखड्ड्यांचा का होतो?

उन्हातली_सावली

उंच डोंगरावर हिवाळ्यात पडलेला बर्फ उन्हाळ्यापर्यंत टिकून राहतो, त्याचा वरचा भाग कधी नीट पाहिलाय का? ताजा असताना सपाट असतो आणि जुना होऊन वितळायला लागला की सगळीकडे खळगे, कुठं वीतभर रुंद, कुठं हातभर, एकाला एक लागून, आणि दोन खळग्यांच्या मधे धारदार कड, वरून बघितलं तर थेट मधमाशांच्या पोळ्यासारखं दिसतं. आणि हे एखाद्याच डोंगरावर नाही, जिथं जिथं असा बर्फ उन्हात पडून असतो तिथल्या फोटोत हेच.

मला जे कळत नाहीये ते असं की खरं तर असं व्हायलाच नको ना. बर्फाचा खडा बाहेर काढून ठेवला तर आधी त्याचे कोपरे जातात, कारण कोपऱ्याला सगळ्या बाजूंनी हवा लागते, आणि खडा गोल गोल होत जातो. त्या हिशोबाने बर्फावर कुठं उंचवटा असेल तर तो आधी वितळायला हवा, खळगा मागे राहायला हवा, आणि हळूहळू सगळं लेव्हल व्हायला हवं. इथं बरोबर उलटं चाललंय, खळगा अजून खोल होतोय आणि उंचवटा अजून टोकदार. म्हणजे खळग्याला कुठून तरी जास्त उष्णता मिळतेय. पण कुठून? तो तर उलट थोडा सावलीतच असतो ना?

अजून एक. कडांवर बऱ्याचदा काळपट मळ साचलेला दिसतो आणि खळग्याचा तळ त्या मानाने स्वच्छ. काळं जास्त तापतं हे शाळेपासून ऐकतोय, मग काळी कड आधी वितळून जायला नको का? कुणाला यातलं फिजिक्स माहीत असेल तर जरा सविस्तर सांगा, नुसती लिंक नको, समजून घ्यायचंय.

प्रकाशवेडा

प्रश्न मस्त आहे आणि बर्फाच्या खड्याचा मुद्दा एकदम बरोबर आहे, तो सोडू नका. फक्त त्यात एक गोष्ट न बोलता धरलेली आहे, ती म्हणजे उष्णता हवेतून येतेय. खड्याच्या बाबतीत येतेच. पण उंच डोंगर, निरभ्र आकाश, कोरडी गार हवा अशा ठिकाणी बर्फ वितळवायचं मुख्य काम हवा करत नाही, ऊन करतं, आणि उन्हाचा हिशोब हवेच्या हिशोबाच्या उलटा चालतो.

ताजा स्वच्छ बर्फ त्याच्यावर पडलेल्या उन्हातलं ८० ते ९० टक्के परत फेकतो. जुना झाला की कण मोठे होतात, त्यात पाणी येतं, धूळ बसते, मग हे प्रमाण ६० च्या आसपास किंवा त्याच्याही खाली उतरतं, तरी परत जाणारा प्रकाश बराच असतो. आता हा परत फेकलेला प्रकाश जातो कुठं ते बघा. सपाट बर्फावरून तो आकाशात निघून जातो, विषय संपला. खळग्यातून निघालेला सगळाच आकाशात जात नाही, त्यातला काही समोरच्या भिंतीवर पडतो आणि बर्फाला तो शोषायची दुसरी संधी मिळते, तिथून उरलेला पुन्हा दुसऱ्या भिंतीवर, असं चालू राहतं. कडेच्या टोकाला यातलं काहीच मिळत नाही, कारण टोकाच्या समोर भिंतच नाही, त्याच्या वाट्याला फक्त वरून सरळ आलेलं ऊन.

आकडे घालून बघा म्हणजे पटेल. समजा बर्फ ८० टक्के प्रकाश परत फेकतो. सपाट जागी १०० मधले २० आत गेले. आता खळगा असा धरा की परत फेकलेल्यातला निम्मा पुन्हा बर्फावरच येतो, म्हणजे ८० मधले ४०, आणि त्यातले २० टक्के म्हणजे ८ आत गेले. २० चे २८ झाले. एकाच उसळीत ४० टक्के वाढ, पुढच्या उसळ्या तर मी धरल्याच नाहीत. म्हणून सुरुवातीला जेमतेम बोटभर असलेला खळगा खोल होत जातो, आणि जितका खोल होतो तितका जास्त प्रकाश त्यात अडकतो. यांना सनकप म्हणतात, साधारण काही सेंटिमीटरपासून अर्ध्या मीटरपर्यंत खोल असतात.

सावलीचं म्हणाल तर सकाळ संध्याकाळ तिरपं ऊन असतं तेव्हा खळग्याचा काही भाग सावलीत जातो हे खरंय, पण वितळायचं बहुतेक काम ऊन चढल्यावरच होतं. आणि रात्रीचा हिशोब पण खळग्याच्याच बाजूने आहे. डोळ्यांना पांढराशुभ्र दिसणारा बर्फ इन्फ्रारेडमध्ये जवळजवळ काळ्या वस्तूसारखा वागतो, म्हणजे स्वतःची उष्णता किरणांनी भराभर बाहेर टाकतो. टोक उघड्या आकाशाखाली असतं त्यामुळे ते जास्त गार होतं. खळग्याच्या तळाला आकाश थोडंच दिसतं, बाकी समोर बर्फाच्याच भिंती, त्यांच्याकडून त्याला बरंच परत मिळतं.

रानवाट

मी तर कायम असंच ऐकत आलोय की हे वाऱ्याने होतं. उंचावर वारा प्रचंड असतो, तोच बर्फ खरवडून काढतो. ऊन तर खाली सगळीकडेच असतं की.

गोठणबिंदू

वारा बर्फ खरवडतो हे खरंय, पण त्याने होणारा आकार वेगळा असतो. थंड कोरड्या बर्फावर वारा जे कोरतो त्याला सास्त्रुगी म्हणतात, त्या लांबट असतात, वाऱ्याच्या दिशेत ओळीने, एका बाजूला चोच काढल्यासारख्या, आणि वितळायची गरजच नसते त्यांना, अंटार्क्टिकावर उणे तापमानात भरपूर होतात. सनकपमध्ये अशी लांबट दिशा दिसत नाही, सगळ्या बाजूंनी सारखेच आणि जाळीसारखे. एवढं बघितलं तरी दोन्ही वेगळे ओळखता येतात.

वाऱ्याची समजूत मात्र फार जुनी आहे. चार्ल्स डार्विन १८३५ च्या मार्चमध्ये चिलीतून अँडीज ओलांडत होता तेव्हा त्याला बर्फाचे उभे सुळके लागले, आणि तिथल्या लोकांचं म्हणणं हेच होतं की हे वाऱ्याने झालेत. त्यातल्या एका सुळक्यावर एक गोठलेला घोडा होता, मागचे पाय सरळ वर आकाशाकडे. डार्विनने त्याचा अर्थ असा लावला की बर्फ सलग होता तेव्हा घोडा डोकं खाली करून एखाद्या भोकात पडला असणार, आणि नंतर आजूबाजूचा बर्फ वितळून गेला आणि हा सुळका तेवढा उभा राहिला. मला हे निरीक्षण प्रचंड आवडतं, कारण यात मुद्दा आपोआप येतो की हे आकार वर वाढलेले नाहीत, मधला बर्फ गेल्यामुळे उरलेले आहेत.

आणि वाऱ्याचा खरा रोल सांगायचा तर तो बरोबर उलटा आहे. उबदार वारा सुटला, ढग आले, पाऊस लागला की उष्णता हवेतून यायला लागते, मग उन्हातली_सावली यांचा बर्फाच्या खड्याचा नियम चालू होतो, टोकं आधी जातात आणि खळगे उथळ होत जातात. हवा दमट असेल तर अजूनच, कारण गार बर्फावर वाफेचं पाणी होताना ती आपली उष्णता तिथंच सोडते आणि त्यातला मोठा वाटा वर आलेल्या टोकांना मिळतो. निरभ्र दिवसांत कमावलेले खळगे असे चार ढगाळ वादळी दिवस गेले की बऱ्यापैकी पुसले जातात. म्हणजे बर्फाचा पृष्ठभाग बघून आधीचे काही दिवस हवा कशी होती याचा अंदाज बांधता येतो.

उन्हातली_सावली

अच्छा म्हणजे ऊन खळग्याच्या बाजूने आणि वारा टोकाच्या विरोधात, ज्याचा जोर जास्त तसा आकार. हे एकदम क्लिअर झालं. पण मळाचं राहिलंच. आणि अजून एक शंका, खळगे समजले पण कडा इतक्या धारदार का? लाटांसारखं गुळगुळीत वरखाली का नाही?

कणाकण

दोन्हीचं उत्तर एकाच भूमितीत आहे, कागद पेन घेऊन बसलात तर लगेच दिसेल.

बर्फाचा पृष्ठभाग वितळताना सरळ खाली जात नाही, तो स्वतःला काटकोनात मागे सरकतो. तळाला सरळ खाली, उतरत्या भिंतीवर तिरका, बाहेरच्या बाजूला. म्हणून एक उथळ खळगा काढा आणि त्याच्या प्रत्येक बिंदूपासून बर्फाच्या आत सारख्या लांबीच्या काटकोनी रेघा मारा. रेघांची टोकं जोडली की नवा पृष्ठभाग मिळतो, आणि तो खळगा आधीपेक्षा रुंद झालेला असतो. शेजारच्या खळग्याचंही तेच, तोही रुंदावतोय. दोघं एकमेकांकडे सरकत येतात आणि भेटतात तिथं मधला गोलसर उंचवटा दोन्ही बाजूंनी खाल्ला जाऊन नुसती धार उरते. यासाठी उन्हाच्या उसळ्या पण लागत नाहीत, सगळीकडे सारखंच वितळलं तरी खळगे गोल आणि उंचवटे धारदार होत जातात. उसळ्यांनी फक्त खोली वाढते. मोठा खळगा शेजारच्या लहानाला गिळतो, असं होत होत शेवटी साधारण एका मापाच्या खळग्यांची जाळी उरते.

आता मळ. बर्फातलं पाणी खाली झिरपून जातं पण मातीचे, राखेचे, काजळीचे कण बरेचसे वरच अडकून राहतात आणि पृष्ठभागाबरोबर मागे सरकतात, म्हणजे त्याच काटकोनी रेघांवरून. खळग्यात या रेघा बाहेर फाकणाऱ्या असतात, त्यामुळे कण तळापासून लांब जात जात कडेला पोचतात, आणि कडेवर तर दोन खळग्यांकडचे कण एकत्र येतात. मळ कडांवर कुणी नेऊन टाकलेला नाही, बर्फच मागे सरकत गेला आणि कण तिथं जमले.

आणि काळी कड आधी वितळायला नको का, तर हो, कडक ऊन असेल आणि मळ पातळ असेल तर तसंच होतं, काळी कड ऊन पिते, भराभर खाली येते आणि खळगे सपाट व्हायला लागतात. वर प्रकाशवेडा यांनी जो हिशोब केलाय तोच मळक्या बर्फाला लावून बघा, समजा तो ४० टक्केच परत फेकतो. सपाट जागी ६० आत, उसळीतून ४० चे निम्मे २० पुन्हा बर्फावर आणि त्यातले १२ आत, म्हणजे ६० चे ७२, वाढ फक्त २० टक्के. स्वच्छ बर्फात ती ४० होती. म्हणून उन्हाने होणारे खळगे स्वच्छ बर्फावर जास्त छान होतात आणि मळ त्यांना दोन्हीकडून मारतो.

मग मळक्या कडांचे खोल खळगे दिसतात ते कसे? तिथं उन्हाचा जोर कमी असतो, ढगाळ आणि वाऱ्याची हवा असते, उष्णता हवेतून येत असते. अशा वेळी मळाचा रंग काळा आहे याने फारसं बिघडत नाही, महत्त्वाचं हे की कडेवर जमलेला थर हवेची उष्णता आतल्या बर्फापर्यंत पोचू देत नाही. स्वच्छ तळ उघडा पडलेला, तो वितळतो, कड झाकलेली, ती टिकते. ऱ्होड्स, आर्मस्ट्राँग आणि वॉरन या तिघा संशोधकांनी १९८७ साली हेच मांडलं की खळगे व्हायचे दोन वेगळे मार्ग आहेत, एक उन्हाचा स्वच्छ बर्फावरचा ज्यात मळ आड येतो, आणि एक वाऱ्याचा मळक्या बर्फावरचा ज्यात मळाशिवाय काम होत नाही. त्याआधी निरीक्षणं एकमेकांच्या विरोधात जात होती, कुणाला स्वच्छ बर्फावर खळगे दिसायचे तर कुणाला मळक्यावर, कुणाला उन्हात तर कुणाला ढगाळ हवेत, आणि दोन्ही खरी होती.

थर अजून जाड झाला, सेंटिमीटर दोन सेंटिमीटरच्या पुढे गेला, की मग कडक उन्हातही तो बर्फाला वाचवतो. हिमनद्यांवर मातीचे म्हणून जे शंकू दिसतात ते उकरून बघितले तर वर जेमतेम थोडी माती आणि आत सगळा बर्फच निघतो.

प्रकाशवेडा

वा, काटकोनी रेघांचं फार छान सांगितलंत. त्याला जोडून, घट्ट बर्फावर काळ्या कणांचा छोटा पातळ ढिगारा एकटाच बसला असेल तर उलटी गंमत होते, तो ऊन पितो आणि सरळ खाली खाली बुडत जातो, वर पाण्याने भरलेलं नळीसारखं भोक तयार होतं. नोर्डेनशेल्ड या ध्रुवप्रदेशात फिरणाऱ्या शोधप्रवाशाने १८७० मध्ये ग्रीनलंडवर ही भोकं पाहिली आणि त्यातल्या काळ्या गाळाला क्रायोकोनाइट नाव दिलं. त्या गाळात सूक्ष्मजीव पण राहतात.

रानवाट

डार्विनच्या त्या सुळक्यांबद्दल कुणीतरी अजून सांगा. सनकप अर्धा मीटर म्हणताय आणि तिकडे सुळक्यावर अख्खा घोडा, हा फरक कसा काय? ऊन तर दोन्हीकडे तेच.

गोठणबिंदू

ऊन तेच, हवा वेगळी. सगळा खेळ हवा किती कोरडी आहे त्याचा.

बर्फाला जायचे दोन रस्ते असतात, वितळून पाणी होणं किंवा पाणी न होता थेट वाफ होणं, ज्याला संप्लवन म्हणतात. एक ग्रॅम बर्फ वितळवायला ८० कॅलरी लागतात हे शाळेत घोकलेलं असतं. तोच ग्रॅम थेट वाफ करायचा तर सुमारे ६७७ लागतात, साडेआठ पट. म्हणजे तेवढ्याच उन्हात वितळणारा बर्फ वाफ होणाऱ्या बर्फाच्या साडेआठ पट वेगाने जातो.

आता अँडीजमध्ये ४००० मीटरच्या वर हवा इतकी कोरडी की दवबिंदू, म्हणजे हवा ज्या तापमानाला गार झाली की तिच्यातली वाफ जमायला लागते तो, शून्याच्या बराच खाली असतो. टोकावर सतत कोरडी हवा फिरते, तिथला बर्फ थेट वाफ होतो, वाफ होताना उष्णता घेऊन जातो, त्यामुळे टोक भर उन्हात पण शून्याच्या खाली राहतं आणि वितळतच नाही. खळग्यात हवा कोंडलेली, तिथं दमटपणा साचतो, वाफ व्हायला वाव नाही, प्रकाश मात्र उसळून उसळून येतोय, म्हणून तळ वितळायला लागतो. एकदा का टोक वाफेच्या महागड्या रस्त्यावर आणि तळ वितळायच्या स्वस्त रस्त्यावर लागला की दोघांतला फरक झपाट्याने वाढतो, काही मीटर उंचीचे सुळके उभे राहतात. यांना पेनिटेंटे म्हणतात आणि हे स्पष्टीकरण लुई लिबुत्री या फ्रेंच हिमनदी अभ्यासकाने १९५४ मध्ये दिलं. चिलीत चाखनांतोर पठारावर ५००० मीटरवर रेडिओ दुर्बिणी आहेत तिथल्या फोटोंत हे दिसतात. नीट बघितलं तर त्यांची पाती पूर्व पश्चिम लावलेली असतात आणि दुपारच्या सूर्याकडे कललेली.

२००६ मध्ये तर हे लॅबमध्ये करून दाखवलं, फ्रीझरमध्ये बर्फ आणि वर प्रखर दिवा, काही सेंटिमीटरचे पेनिटेंटे तयार झाले. वाऱ्याचा प्रश्न तिथंच निकालात निघतो. आणि प्लूटोवर २०१५ मध्ये न्यू होरायझन्स यानाला टार्टारस डोर्सा भागात मिथेनच्या बर्फाच्या सुमारे ५०० मीटर उंच धारा दिसल्या, त्याही याच प्रकाराने झाल्या असाव्यात असं काही शास्त्रज्ञांचं मत आहे.

चढण

फिजिक्स तुम्ही लोकांनी सांगितलंच आहे, मी पायाखालचं सांगतो. सनकपवरून चालायचं असेल तर वेळ बघून चाला. निरभ्र रात्रीनंतर पहाटे सगळं दगडासारखं घट्ट असतं, चढाला खळगे आयत्या पायऱ्या म्हणून वापरता येतात पण धारेवर पाऊल पडलं की घोटा मुरगळतो, म्हणून पाऊल कायम खळग्याच्या तळात, धारेवर नाही, आणि क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे लोखंडी खिळे) लावलेले असतील तरी हेच. दुपारी धारा मऊ होऊन मोडतात, पाय कुठं किती जाईल सांगता येत नाही आणि दमछाक दुप्पट. स्कीवाल्यांना तर हा बर्फ अगदी नको असतो. आणि बर्फाची जाडी मोजायला काठी खुपसणाऱ्यांनी पण लक्षात घ्या, एक काठी खळग्यात आणि एक धारेवर खुपसली तर अर्ध्या मीटरचा फरक येऊ शकतो, बऱ्याच ठिकाणी मोजून सरासरी घेतल्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नाही.

उन्हातली_सावली

सगळ्यांचे खूप खूप आभार, इतकं नीट कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. शेवटचा एकच प्रश्न. खळगा असला की वाढतो हे पटलं, पण पहिला खळगा येतो कुठून? बर्फ अगदी सपाट पडला असेल तर सुरुवात कोण करतं?

कणाकण

अगदी सपाट असं काही पडतच नाही, वाऱ्याच्या बारीक लहरी असतात, झाडाखाली असेल तर पानं काड्या पडतात, कुठं कण बारीक कुठं जाड, एवढं पुरेसं असतं. पण एक कारण जास्त ठरलेलं आहे. बर्फात पहिल्यांदा वितळलेलं पाणी किंवा पावसाचं पाणी सगळीकडून सारखं खाली उतरत नाही, ते काही ठरावीक जागी गोळा होऊन बोटांसारख्या उभ्या वाटांनी उतरतं. जिथं पाणी उतरतं तिथला बर्फ ओला होऊन दबतो, कण पटकन मोठे होतात, आणि वर हलकीशी खोलगट जागा दिसायला लागते. मोठ्या पावसानंतर सपाट बर्फावर असे ठिपके ठिपके दिसतात आणि उतारावर त्याच्याच खाली वाहत गेलेल्या पन्हळी होतात. मोठ्या कणांचा ओला बर्फ ऊन पण जास्त शोषतो, म्हणजे खोलगट जागेला पहिल्या दिवसापासूनच थोडं झुकतं माप मिळतं, आणि तिथून पुढे प्रकाशवेडा यांचं गणित चालू.

आणि एकदा झालेले खळगे पण एका जागी राहत नाहीत बरं का. उत्तर गोलार्धात मधल्या अक्षांशांवर सूर्य दक्षिणेकडून येतो, त्यामुळे खळग्याची उत्तरेकडची भिंत, जी दक्षिणेला तोंड करून असते, ती जास्त वितळते. रोज थोडी थोडी मागे सरकत अख्खी जाळीच हळूहळू उत्तरेकडे जाते, दक्षिण गोलार्धात दक्षिणेकडे. बघायचं असेल तर एका धारेवर बर्फात खोल बारीक काठी रोवून ठेवा आणि निरभ्र हवेचे आठ दहा दिवस गेल्यावर काठी धारेवर आहे की उतारावर ते बघा.